अठरा नळ्यांची झाकणं

चि. मुंगीस,

आत्याचा आशीर्वाद. एकच पाठवते आहे, पण जाडजूड आहे, पुरवून वापर. इकडे सगळे ठीक. तुझ्या आतोबांचा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो, आणि गुडघ्याबरोबर तेही. तुझी तब्येत कशी आहे? जेवतेस का? दाढ काढली होती ती जागा भरली का? (दाढेचं मी उगाच विचारत नाहीये, पुढे येईल.) तुझी आई फोनवर म्हणाली, "बरी आहे, झोपून असते." झोपून असलेला माणूस बरा कसा, हे मला काही कळलं नाही. पण वहिनींशी मी सत्तावीस वर्षांत वाद घातलेला नाही, आता कुठे सुरू करू.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यात सहावी दोनदा, तेव्हा अक्षरावरून बोलायचं नाही. आणि तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी ह्यात लिहिणार आहे, कारण हे पाकीट तुझ्याआधी तुझी आई फोडणार हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तिला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही. (वहिनी, नमस्कार. फोडलंत ना? मग आता बसून नीट वाचा, आणि वाचून झालं की तिला द्या. डब्यात लपवू नका.)

मुद्द्याचं आधी. प्रयोगशाळेतून नाव काढून घ्यायचा अर्ज तू साहेबांना दिलास. तो त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, मी खण पुसताना पाहिला. तीस तारखेला त्यावर सही होऊन तो वर जाईल, आणि तुझी संशोधनाची चार वर्षं संपली. अर्जात तू लिहिलं आहेस की "माझ्या हाताला ह्या कामाची शिस्त नाही." मुंगे, तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. हात दुसऱ्याचा होता. कुणाचा ते सांगते, पण मला क्रमानं सांगू दे. मधूनच सुरुवात केली की माझं मलाच समजत नाही.

तर वहिनी, थायॉल नावाचा एक पदार्थ असतो. मुंगी थायॉल म्हणते, मी घाण्या म्हणते, आणि ज्यानं एकदा बाटली उघडली तो माझंच नाव बरोबर आहे असं म्हणेल. ह्याच्या टोकाला गंधक असतं आणि गंधकाला चिकटलेला एक हायड्रोजन. मुंगी चिमूटभर घाण्या पुष्कळशा पाण्यात विरघळवते, काचेच्या नळ्यांत भरते, आणि त्या नळ्या आमच्याकडच्या जाड भिंतींच्या खोलीत कोबाल्टसमोर ठेवतात. कोबाल्टमधून किरण निघतात. दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, नळीला चिकटून घरी येत नाहीत. (हे मी शेजारच्या बाईंना एकवीस वेळा सांगितलं. तरी त्या संध्याकाळी दिवे गेले की माझ्याकडे निरखून बघतात, मी उजेड देते का ते.) इतकी वर्षं मला वाटायचं की किरण जातात आणि घाण्यालाच बडवतात. तसं नाही. घाण्या चिमूटभर, पाणी नळीभर, मग किरणाला वाटेत भेटणार कोण? पाणीच. ते पाणी फुटतं. फुटलेले तुकडे अर्धवट असतात, चिडके, दिसेल त्याचं हिसकावून घेणारे. ते घाण्याच्या टोकाचा हायड्रोजन हिसकावतात आणि पुन्हा पाणी होऊन साळसूदपणे बसतात. लुटला गेलेला घाण्या मग दुसरा लुटला गेलेला हुडकतो, आणि दोघं गंधकाला गंधक लावून जोडीनं राहतात. किती घाण्या गेला आणि किती जोड्या झाल्या, हे मोजायचं. एवढंच काम, आणि त्याला चार वर्षं.

बरोबर लिहिलं का गं? हे तू मला पहिल्या वर्षी सांगितलं होतंस, दोन चंचुपात्रं हातात धरून, एक पाणी झालेलं आणि एक घाण्या. मी तेव्हा "हो हो" म्हणत होते आणि ती चंचुपात्रं कधी खाली ठेवतेस ह्याची वाट बघत होते, कारण मला ती धुवायची होती. ह्या महिन्यात तुझ्या जुन्या वह्या काढून वाचल्या तेव्हा कळलं. निम्मं कळलं. उरलेलं खोलीवाल्याला विचारलं. (खोलीवाला म्हणजे वहिनी, कोबाल्टच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो. एकोणीस वर्षं एकाच दाराशी बसलेला माणूस, आणि घड्याळाशिवाय कशावर विश्वास नाही.)

आता हवेचं. हे नीट वाचा, सगळं घोडं इथेच अडलंय. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असतेच. ती तशीच राहिली तर लुटला गेलेला घाण्या जोडीदार शोधत बसत नाही, हवेतल्या ऑक्सिजनला धरतो. त्यातून नवे लुटारू तयार होतात, ते आणखी घाण्यांना लुटतात, ते लुटलेले आणखी हवा धरतात, आणि रांगच लागते. एका किरणानं केलेलं काम दहा किरणांचं दिसायला लागतं. म्हणून आधी प्रत्येक नळीत लांब सुई सोडून चाळीस मिनिटं नायट्रोजन बुडबुडत ठेवायचा, म्हणजे तो हवेला हाकलून देतो. मग सुई बाहेर काढायची आणि त्याच दमात झाकण घट्ट दाबायचं. एक सुई, एक झाकण. मग दुसरी नळी. एक सुई, एक झाकण. तू हे इतक्या वेळा म्हणायचीस की तुझे आतोबासुद्धा घरी डबे लावताना म्हणायला लागले होते.

मला मात्र ते नखरे वाटायचे. खरं सांगते. एकतीस वर्षं मी इथे काच धुते, माझ्या हातून गेलेल्या काचेवर कधी डाग राहिला नाही, आणि माणसं वाटीभर पाण्याभोवती सोवळं पाळल्यासारखी नाचतात हे बघून मला हसू यायचं. कामाला लागा म्हणावं. अठरा बरण्या भरायच्या तर कुणी एकेक बरणी भरून झाकण लावतं का? आधी सगळ्या भरतात, मग सगळ्यांना झाकणं. ह्याला मी डोकं म्हणत होते.

मग तुझी ती दाढ. गाल भोपळ्याएवढा, तरी कामावर आलीस, अठरा नळ्या भरल्यास आणि रांगेत लावल्यास. दाराकडून पातळ, खिडकीकडे जाता जाता दाट, अशा शक्तीच्या क्रमानं. साडेअकराला तुझे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा मीच तुला दंतवैद्याकडे हाकललं. तसं पाहिलं तर नळ्यांना हात लावायची मला परवानगी नाही, माझं काम धुण्याचं. पण तू दारातून वळून म्हणालीस (निम्म्याच तोंडानं), "आत्या, चाळीस मिनिटं. आणि एक सुई, एक झाकण, हं." मी म्हटलं, "जा गं बाई. दाढ काढून ये, जीभ तिथेच ठेवून ये."

चाळीस मिनिटं मी बरोब्बर दिली. त्यात कसूर नाही, वहीत लिहिलंय तेच खरं. चाळीस झाली तेव्हा खोलीवाला वर आला होता, आणि दाराजवळच्या टेबलावर चहाही आला होता. तो म्हणाला, "बाई, चहा गार होतोय." मी म्हटलं, "सुया काढते नि येते." खिडकीकडून सुरुवात केली आणि सटासट अठराही सुया काढल्या. मग चहा घेतला. चहा घेता घेता त्यानं जावयाचा विषय काढला. त्याचा जावई तुला माहीत नाही, नशीब समज. दुसरं घर घ्यायचं म्हणून सासऱ्याकडे मोजपट्टी घेऊन आला होता, सासऱ्याचीच खोली मोजायला. असा विषय निघाल्यावर कोण उठणार? अर्धा तास गेला असेल. मग मी बोलत बोलतच झाकणं लावायला घेतली. दाराशी बसले होते म्हणून दाराकडून. एक झाकण, जावयाचं एक वाक्य. एक झाकण, एक वाक्य. मध्ये प्रत्येक नळी उचलून फडक्यानं पुसली, कारण पुसल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. खिडकीपर्यंत पोचायला आणखी अर्धा तास.

आता काय झालं बघ. दाराकडची नळी सगळ्यात कमी वेळ उघडी राहिली आणि खिडकीकडची सगळ्यात जास्त. म्हणजे दाराकडून खिडकीकडे जाताना घाण्या दाट होत होता, आणि हवाही वाढत होती. पण हवेचं कुणाला ठाऊक नाही. कागदावर दिसलं ते एवढंच की घाण्या जसा दाट, तसा तो मापापेक्षा जास्त नाहीसा होतो, पायरीपायरीनं, फूटपट्टी ठेवून काढावी अशी सरळ रेघ. तू तो कागद घेऊन नाचत आलीस. साहेब खुर्चीतून उठले. (मी त्यांना आजवर दोनदाच उठलेलं पाहिलंय, दुसऱ्या वेळी आगीची घंटा होती.) आणि तुझं हे चांगलं की आनंदातसुद्धा तू मोरीपाशी येऊन मला विचारलंस, "आत्या, त्या दिवशी एक सुई, एक झाकण, असंच केलंस ना?"

मी काय म्हणाले ते आठवतं तुला? मी म्हणाले, "मग काय वेगळं करणार होते?"

ह्या वाक्यावर मी पाच महिने काढले. म्हणजे मी स्वतःला सांगत होते की हे काही खोटं नाही, हा नुसता प्रश्न आहे, तूच त्याचं उत्तर द्यायचं होतंस. आमच्या घराण्यात खोटं बोलत नाहीत, फक्त वैतागून बोलतात. खरं तर मी तेव्हा वैतागलेच होते, हातात अकरा बाटल्या होत्या. तू माझ्या कामावर संशय घेतेस म्हणून राग आला होता. काय केलं ते आठवायचे कष्टही मी घेतले नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे, पण वहिनींना नाही. मुंगी ती रेघ घेऊन मोठ्या सभेत गेली, बोलली, टाळ्या घेऊन आली. तीन महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं की आम्ही तसंच करून पाहिलं, रेघ येत नाही. मग मुंगीनं स्वतःच्या हातानं सहा वेळा करून पाहिलं. एक सुई, एक झाकण. सहाही वेळा रेघ नाही. आणि मग ती बैठक. मी पाण्याचे पेले घेऊन आत आले तेव्हा साहेब विचारत होते, "त्या अठरा नळ्या कुणी तयार केल्या होत्या?" आणि तू मान वर न करता म्हणालीस, "मीच." मी तिथेच होते. तुझ्या पाठीमागे, दीड हातावर. माझ्या ताटात सहा पेले होते आणि ते एकमेकांवर वाजायला लागले. मला नक्की ठाऊक नव्हतं की माझ्या हातून काय झालं होतं, हे खरं. पण त्या नळ्यांवर शेवटचा हात कुणाचा होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. तू माझ्या पाच महिन्यांवर आलेल्या निवृत्तीचा विचार केलास. मी पेल्यांचा विचार केला. पाणी वाटून बाहेर आले.

तू अर्ज देऊन घरी निघून गेल्यावर आठवड्यानं खोलीवाला सहज म्हणाला, "पोरगी उगाच गेली. दाढेच्या दिवशी आपण चहा घेत होतो तेव्हा नळ्या उघड्याच होत्या की."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तसंच असतं. तुम्ही इतक्या वर्षांच्या."

इतक्या वर्षांच्या! मला त्या क्षणी वाटलं की हीच मोरी उघडून आत जावं. पण मोरीची जाळी बारीक आहे, मीच बसवून घेतलेली.

मग मी ठरवलं की साहेबांपुढे तोंडानं बोलायचं नाही. माझ्या तोंडाचा काय भरवसा, ते पुन्हा वैतागेल. करूनच दाखवायचं. खोलीवाल्याला म्हटलं, शनिवारी मला तुमची खोली हवी. तो म्हणाला, कागद लागेल. मी म्हटलं, तुमच्या जावयाबद्दल मी तासभर ऐकलंय, तो कागदच समजा. तो तयार झाला. तुझ्या उरलेल्या बाटलीतला घाण्या घेतला. अठरा नळ्या, पण ह्या वेळी सगळ्या एकाच शक्तीच्या, थेंबाचाही फरक नाही. (हे मला सुचलं. कुणी सांगितलं नाही. लिहून ठेव.) चाळीस मिनिटं नायट्रोजन. मग सुया खिडकीकडून काढल्या आणि चहा घेतला. चहा खरंच घेतला, जसाच्या तसा प्रयोग करायचा म्हणून. खोलीवाल्यानं जावयाचाच विषय काढला, तोही जसाच्या तसा. मग दाराकडून झाकणं.

पण बाटली बंद करताना थेंबभर घाण्या माझ्या कामाच्या अंगरख्याच्या बाहीवर सांडला. मला कळलं नाही, कारण तोवर माझ्या नाकानं राजीनामा दिला होता. संध्याकाळी बसमध्ये बसले तर पहिल्या थांब्यापर्यंत लोक आपापल्या पिशव्या हुंगत होते, दुसऱ्या थांब्यापर्यंत एकमेकांना हुंगत होते. तिसऱ्याला चालकानं गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना खाली उतरवलं आणि इंजिन उघडून बघितलं. मी सगळ्यात शेवटी उतरले, कारण मला बऱ्याच दिवसांनी बसायला जागा मिळाली होती. घरी पोचले तर अर्ध्या तासात आमच्या इमारतीतली सगळी माणसं रस्त्यावर. चूल पेटवण्याच्या गॅसला मुद्दाम ह्या घाण्याचाच भाऊबंद घालतात म्हणे, गळती झाली तर नाकाला कळावी म्हणून. कुणीतरी गॅस कंपनीला कळवलं. त्यांचा माणूस हातात यंत्र घेऊन मजलामजला हुंगत आमच्या दाराशी आला. यंत्र गप्प, त्याचं नाक मात्र ओरडत होतं. स्वयंपाकघर सोडून तो माझ्या अंगरख्यापाशी आला, मग माझ्यापाशी आला, मग दोन पावलं मागे गेला. म्हणाला, "आजी, गळती तुम्हालाच आहे." तुझे आतोबा मात्र ह्या सगळ्यात शांतपणे जेवत होते. त्यांना बावीस वर्षं वास येत नाही, आमचा संसार त्यावरच टिकला. तो अंगरखा गच्चीवर बांधून ठेवला आहे. कावळेही येत नाहीत.

सोमवारी नळ्या खोलीतून बाहेर आल्या. उरलेला घाण्या दाखवणारं ते तुझं औषध प्रत्येक नळीत दोन-दोन थेंब टाकलं. घाण्या शिल्लक असेल तेवढं पिवळं होतं, मोजायच्या यंत्राचीही गरज नाही, माझ्यासारखीलाही दिसतं. दाराकडची नळी हळदीसारखी पिवळीधमक. पुढची जरा फिकी. त्यापुढची आणखी. खिडकीकडच्या नळीत बघायला गेले तर धुतलेलं पाणी. सगळ्या एकाच शक्तीच्या, मुंगे, आणि तरी पायरीपायरीनं उतरत गेलेली रांग. तुझी ती सरळ रेघ माझ्यासमोर पिवळी होऊन उभी होती. पुढच्या शनिवारी उलट केलं, सुया दाराकडून आणि झाकणं खिडकीकडून. रांग उलटी झाली. खिडकीकडे हळद, दाराकडे पाणी. मी तिथेच स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत दिवसाच्या कामात मी पहिल्यांदा बसले असेन. ज्या रेघेसाठी साहेब उठले, तू नाचलीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती माझ्या झाकण लावण्याची दिशा होती.

दोन्ही रांगा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकेक नळी उजेडासमोर धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही स्वतः मांडलंत?" मी म्हटलं, "नाही, भुतानं मांडलं." ते हसले नाहीत. म्हणाले, हवेमुळे असं होतं हे फार जुनं आहे, सगळ्यांना माहीत आहे, ह्यात नवीन काही नाही. मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत होतं तर तुमच्या लक्षात का नाही आलं?" त्यावर त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. तेव्हा मला कळलं की शिकलेल्या माणसाची वैतागण्याची पद्धत वेगळी असते, इतकंच.

आणि तुझ्या त्या सहा खेपा काढून बघ. साहेबांनीच काढल्या, मी मागे उभी होते. सहाच्या सहा एकमेकींवर बसतात, केसाएवढा फरक नाही. ते म्हणाले, "इतका स्वच्छ हात मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही." मी म्हटलं, "हे तिला सांगा." ते म्हणाले, "ती फोन उचलत नाही." म्हणजे तू त्यांचाही उचलत नाहीस. उचल.

बाकी काय लिहू. आतोबा विचारत होते, मुंगी कधी येणार. मी म्हटलं, तिला विचारा. ते म्हणाले, तू विचार, तुझी भाची. असं आम्ही दोघं एकमेकांवर ढकलतो आणि भाजी करपते. तब्येतीला जप. उन्हात डोक्यावर काही न घेता हिंडू नकोस. वडिलांना नमस्कार सांग, वहिनींनी स्वतःचा वर घेतलाच आहे.

तुझी,
आत्या

ता. क. वर "इकडे सगळे ठीक" असं लिहिलं आहे ते सवयीनं. हेच सगळं साहेबांना कागदावर लिहून दिल्यावर दोन दिवसांत मला प्रयोगशाळेतून काढून खाली जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. निवृत्तीपर्यंत तिथेच. काम सोपं आहे, कागदांना भोक पाडायचं आणि दोरी ओवायची. शिक्षा योग्य आहे, मी तक्रार करत नाही. फक्त तिथे मोरी नाही. दिवसभर हात कोरडे राहतात, ते चमत्कारिक वाटतं. तुझ्या नळ्या आता कोण धुतं माहीत नाही. वर जाऊन बघून आले, बुडाला डाग आहेत.

ता. क. दुसरा. खरं काम आता सांगते. साहेब म्हणतात, माझ्या एकटीच्या सांगण्यानं भागत नाही, कारण बैठकीच्या कागदात तुझं "मीच" लिहून ठेवलंय. ते तुलाच मागे घ्यावं लागेल, आणि अर्जही. म्हणून सोबत एक कागद जोडला आहे, खोलीवाल्यानं टाइप केलाय. त्यात एकच ओळ आहे: "त्या अठरा नळ्यांची झाकणं मी लावली नव्हती, माझ्या आत्यानं लावली." खाली सही कर आणि तीसच्या आत स्वतः घेऊन ये. तू करणार नाहीस असं मला वाटतंय, कारण तुला वाटत असेल की म्हाताऱ्या बाईचं नाव कशाला घ्या. मुंगे, मला वाचवण्यासाठी खोटं बोलणं हाही नखराच, आणि मला नखरे चालत नाहीत. मला जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता तू सही केली नाहीस तर माझं ते सगळं फुकट जाईल.

ता. क. तिसरा. वहिनी, हे तुम्ही वाचू नका. (वाचाल, पण निदान तिच्यासमोर वाचू नका.) मुंगे, साहेबांच्या कागदात मी सगळं लिहिलं, चहा लिहिला, जावई लिहिला, कुठल्या टोकाकडून झाकणं लावली तेही लिहिलं. एक लिहिलं नाही. तू त्या बैठकीत "मीच" म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पेले वाजत होते ते भीतीनं नाही, भीती गेली म्हणून. हे मी आतोबांनाही सांगितलेलं नाही. ह्याच्यासाठी काय म्हणतात तो शब्द मला येतो, पण लिहायला घेतला की पेन वैतागतं. तू ये. समोर उभी राहा आणि मला बोल, चांगलं मोठ्यानं बोल. साहेबांनी प्रयत्न केला, पण त्यांना नीट रागावता येत नाही.